दोन टर्न कमी

भिमाजी : बोर्डावर नवीन ओळ काढलीय म्हणून इचारतो, हनुमंतभाऊ. 'इलेक्ट्रिक वाहनांच्या मोटारी भरून मिळतील.' जुन्नरात असली वाहनं हायेत तरी किती?

हनुमंत : आज एक बी नाय. पुढं येतील.

भिमाजी : म्हंजे गिऱ्हाइकाच्या आधी बोर्ड.

हनुमंत : ही काय, आलीच की एक. जीपमधनं आत्ता उतरवली ती. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाची मोटार हाये. पुण्याला आमच्या प्रज्ञाच्या कंपनीत तसल्या रिक्षा करायचं चाललंय. ती तपासती, कुठली मोटार चांगली, कुठली नाय.

भिमाजी : ही प्रज्ञा व्हय? मागं मी यायचो तवा ह्याच स्टुलावर बसून तारेचे वेढे, टर्न मोजायची. मशीनचं हँडल तुमी फिरवायचा अन् आकडा ही म्हणायची. एकदा मी मधीच बोललो तर मला म्हणली, काका, गप बसा, चुकंल.

प्रज्ञा : अजून तशीच आहे मी, काका.

भिमाजी : मंग गप बसतो. पण वास वळखीचा येतोय. जळली का काय ही?

प्रज्ञा : परवा जळली. पोखरी घाटात. डिंभ्यावरून भीमाशंकरकडं चढतो ना, तिथं.

भिमाजी : काढा की झाकण, बघू तरी इलेक्ट्रिक वाहन. हात्तिच्या. ही तर फेज गेलेली मोटार.

प्रज्ञा : नुसतं बघून सांगितलंत?

भिमाजी : बाई, मी डिंगोऱ्यात ऱ्हातो. वरसाला दोन मोटारी जाळतो. हे बघ, चार जागी तार कशी पिवळीधमक हाये अन् मधलं सगळं काळं ठिक्कर. तीन फेजमधली एक गेली का तिचं वझं बाकीच्या दोघींवर पडतं. त्या दोघी जळतात, आन जिचा करंट गेला ती कोरी करकरीत ऱ्हाती. वायरमनला दाखवायला गेलो तर तो म्हणतो, लाईन आमची ठीक हाये, वाइंडिंग तुमचं खराब.

हनुमंत : ऐकलंस, प्रज्ञा?

प्रज्ञा : ऐकलं.

भिमाजी : मला काय रिक्षातलं कळत नाय. माझी मोटार कवा देताय ते सांगा.

हनुमंत : उद्या दुपारी.

भिमाजी : आन भरा नेहमीवानी. दोन टर्न कमी. प्रज्ञाताई, तुला सांगतो, माझ्या पोरानं पुण्याहून नवीकोरी मोटार आणली व्हती. विहिरीवर बसवली तर नुसती हूं हूं करायची, पाणी काय उचलंना. आमच्याकडं चारशेच्या जागी तीनशे व्होल्टेज येतं, तिला काय ठावं? तुझ्या बापानं खोलली, दोन टर्न कमी करून भरली, का लागली पाणी फेकायला. जरा तापती, करंट जास्ती खाती, पण उचलती. तुझ्या कंपनीला शिकव हे.

हनुमंत : भिमाजी, तू बाजारात जाणार व्हतास ना?

भिमाजी : हाकलताय व्हय? जातो. दोनच्या यष्टीच्या आधी एक चक्कर मारतो. जीपवाला डायव्हर बाहेर उन्हात बसलाय बरं का, त्याला आत तरी घ्या.

हनुमंत : तो सावलीतच हाये. जा तू.

प्रज्ञा : आबा, तुम्ही पण ते पिवळं बघून ठेवलं होतं ना? झाकण उघडायच्या आधीच तोंडावर दिसत होतं तुमच्या.

हनुमंत : जीपमधनं उतरवताना वासावरनंच कळलं. नुसती वझ्यानं जळलेली मोटार येगळी वास मारती. पर मी म्हणलं, ती इंजिनीयर हाये, तिच्या तोंडनं ऐकू.

प्रज्ञा : मला घाटातच दिसलं होतं. टॉर्च मारला आणि दिसलं. तुमच्या दुकानात वाढलेय मी.

हनुमंत : मंग तुझ्या सायबाला नाय दिसलं?

प्रज्ञा : त्यांनाही दिसलं.

हनुमंत : नीट सांग सगळं. परवा फोन तुझ्या आईनं मधीच घेतला अन् तू जेवलीस का, ह्यातच तो संपला.

प्रज्ञा : दोन रिक्षा होत्या. बॉडी सारखी, बॅटऱ्या सारख्या, माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती सारखी. फरक फक्त मोटारीचा. एकीत परदेशातून आणलेली मोटार, दुसरीत तुम्ही भरलेली. दोघींना कंट्रोलरसुद्धा एकाच बनावटीचे.

हनुमंत : तो डबा. बॅटरीचा करंट घेऊन तीन फेजात वाटतो तो.

प्रज्ञा : तोच. घोडेगावातून सकाळी निघायचं, पायथ्याला थांबायचं, मग दोघींनी एकामागून एक घाट चढायचा. मी मागच्या जीपमध्ये, मांडीवर मीटर. चौदा दिवस, चौदा फेऱ्या. परदेशी मोटारीला एकतीस मिनिटं लागायची. तुमचीला सत्तावीस. रोज, आबा. एक दिवस नाही चुकला. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, मीटर तपासा. मी मीटर बदलून दाखवला.

हनुमंत : चार मिनिटं.

प्रज्ञा : पंधराव्या दिवशी तिसऱ्या वळणावर गाडी थरथरली. ड्रायव्हरनं पाय काढायच्या आत धूर. डब्यानं एक फेज सोडली होती. असं झालं की त्यानं आपण होऊन बंद पडायला हवं, तेवढ्यासाठीच तो एवढा महागाचा घेतात. तो बंद पडला नाही. उरलेल्या दोन फेजवर ढकलत राहिला.

हनुमंत : आन सायेब काय म्हणले?

प्रज्ञा : गाडीतून उतरले नाहीत. काच खाली केली, बघितलं आणि म्हणाले, असल्यांच्या हातात काम दिलं की असंच होणार.

हनुमंत : असल्यांच्या म्हंजे?

प्रज्ञा : गावाकडच्या वर्कशॉपवाल्यांच्या.

हनुमंत : तसं म्हणले?

प्रज्ञा : असल्यांच्या, एवढंच म्हणाले. पुढचं मी म्हणतेय.

हनुमंत : बरं केलंस.

प्रज्ञा : दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला एक कागद. म्हणाले, जुन्नरचं दुकान तुमच्याच घरचं आहे असं कानावर आलंय, तेव्हा सही तुम्हीच आणा, पोस्टाचा वेळ वाचेल. हा तो कागद.

हनुमंत : इंग्लिश हाये. वाच.

प्रज्ञा : मोटारीच्या वाइंडिंगमध्ये दोष होता, त्यामुळे ती जळाली, हे मला मान्य आहे. खाली तुमचं नाव. सहीची जागा. तारीख त्यांनीच घातलीय, सोळा मार्च दोन हजार सात.

हनुमंत : अन् सही केली तर?

प्रज्ञा : पन्नास मोटारींचं काम तुम्हाला मिळणार होतं, ते जाईल. शिवाय खरेदी खात्याची यादी असते, कुणाकडून माल घ्यायचा नाही त्याची. ती चाकणच्या सगळ्या कंपन्यांत फिरते.

हनुमंत : म्हंजे तीस वर्सांत भरलेल्या सगळ्या मोटारींवर माती.

प्रज्ञा : साहेबांनी तसले दोनशे डबे आधीच मागवून ठेवलेत. डबा खराब ठरला तर त्यांची सही अडकते. मोटार खराब ठरली तर तुमची.

हनुमंत : मंग ह्यो कागद घेऊन आलीस कशाला माझ्या दारात? तितंच फाडायचा.

प्रज्ञा : सही घ्यायला आलेच नाही मी. तुम्ही सही करू नका, हे सांगायला आलेय. आणि हा दुसरा कागद दाखवायला. हा मी लिहिलाय, मराठीत. वाचा.

हनुमंत : चष्मा तितं खिळ्याला हाये. दे. 'सदर मोटार व कंट्रोलर ही दोन्ही त्रयस्थ प्रयोगशाळेत, सर्व संबंधितांसमोर उघडण्यात यावीत.' झकास लिहिलंस.

प्रज्ञा : पुढं वाचा. मागच्या महिन्यात ऑफिसातच, टेबलावर तपासताना, तसल्याच एका डब्याची फेज अशीच गेली होती. मी लिहून ठेवलं होतं. ते पान आता फाईलमध्ये नाही. पण माझ्याकडं झेरॉक्स आहे, अर्जाला जोडलीय. साहेबांना ती माहीत नाही. उद्या सकाळी हा अर्ज त्यांच्याही वरच्या माणसाच्या टेबलावर ठेवते.

हनुमंत : वरच्या माणसाच्या. आन नोकरी?

प्रज्ञा : राहील. खरं आहे ते, कागदासकट आहे. तुमची मोटार स्वच्छ निघाली की त्यांना बोलायला जागाच नाही. शेवटचा परिच्छेद वाचा, तोच मुद्द्याचा आहे.

हनुमंत : 'मोटारीची एक कॉइल कापून टर्नची संख्या व तारेची जाडी मोजावी. ती दिलेल्या मापाप्रमाणेच, म्हणजे सोळा टर्न, आढळेल याची मी खात्री देते.'

प्रज्ञा : खाली सही माझी.

हनुमंत : टर्न कशापायी मोजायचे? फेज गेलेली डोळ्यांनी दिसती की. भिमाजीला दिसली.

प्रज्ञा : भिमाजीकाकांचं कोण ऐकणार? लॅबमध्ये आधी मोटार मापाची आहे का ते बघतात. मापाची नसेल तर पुढचं काही बघतच नाहीत.

हनुमंत : तेवढी ओळ काढ.

प्रज्ञा : का?

हनुमंत : उगं लांबड लागती. डब्याचं लिही नुसतं.

प्रज्ञा : आबा.

हनुमंत : डायव्हरला पाणी तरी देतो.

प्रज्ञा : त्याच्याकडं बाटली आहे. आबा, भिमाजीकाका मघाशी काय म्हणाले? नेहमीसारखी भरा म्हणाले. आणि तुम्ही त्यांना बाजारात पाठवलंत.

हनुमंत : त्याला बाजार करायचाच व्हता.

प्रज्ञा : माझी मोटार कशी भरलीत?

हनुमंत : चांगली भरली. तुला दिलेल्या मोटारीला मी दोनदा वार्निश दिलंय. कुणाला देत नाय.

प्रज्ञा : किती टर्न?

हनुमंत : आता ते काय आठवतं व्हय.

प्रज्ञा : तुम्हाला अठ्ठ्याऐंशी सालची मोटार आठवते. छिन्नी द्या.

हनुमंत : तू नको. हात कापंल. तार जळून कडक झालीय.

प्रज्ञा : मग तुम्ही कापा. मी मोजते.

(छिन्नीवर हातोडीचे ठोके. मग बराच वेळ फक्त तिचे पुटपुटलेले आकडे.)

प्रज्ञा : सत्तर टोकं.

हनुमंत : व्हय.

प्रज्ञा : एका टर्नला पाच तारा एकत्र. म्हणजे चौदा.

हनुमंत : चौदाच हायेत. परत मोजू नको.

प्रज्ञा : मी तुम्हाला कागद दिला होता. सोळा लिहिलं होतं. लाल पेनानं.

हनुमंत : कागद तूच दिलास, आन फोनवर बी तूच सांगितलंस. घाटाला लागलं का बॅटरीचं व्होल्टेज पडतं, गाडी दमती, म्हणलीस. म्हणलीस का नाय?

प्रज्ञा : गप्पा मारत होते मी, आबा. दिवसभर काय केलं ते बापाला सांगत होते.

हनुमंत : मला कुणी व्होल्टेज पडतं म्हणलं तर माझा हात दुसरं काय करंल? बोरीच्या लंकाबाईची मोटार आठवती तुला? नसंल, तू बारकी व्हतीस. नवरा मेलेला, विहिरीत पाणी वरपर्यंत, आन मोटार उचलंना. चार वाइंडर झाले. मी दोन टर्न कमी भरली, भीत भीत. पाणी आलं तर ती बाई पायपापासनं हटंना, वल्ल्या मातीत उभी राहून रडली. तवापासनं गिऱ्हाईक येतंय ह्या दुकानात. पार वरच्या कोळवाड्यांपासनं. हनुमंताकडं जा म्हणतात, तो कमी व्होल्टेजची भरून देतो. त्याच्यावरच तू डिप्लोमा केलास.

प्रज्ञा : मला एक शब्द सांगायचा होता.

हनुमंत : मी कुणालाच सांगत नाय. त्याचं पाणी चढलं का तोच येऊन सांगतो. तू बी सांगितलंस की, चार मिनिटं. मला कळलं, काम झालं.

प्रज्ञा : काम काय होतं ते कळलंच नाही तुम्हाला. शर्यत नव्हती ती. दोन सारख्या मोटारी, एक तिकडं भरलेली, एक इकडं, आणि इकडचा हात तिकडच्याइतका चांगला आहे का, एवढंच बघायचं होतं. तुम्ही सोळा भरले असते आणि ती एकतीस मिनिटांत चढली असती ना, तरी मी जिंकले असते.

हनुमंत : बरोबरीला कोण जिंकणं म्हणतं?

प्रज्ञा : मी म्हणत होते. चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिलाय मी. जुन्नरमध्ये हातानं भरलेली, तंतोतंत त्याच मापाची मोटार. 'त्याच मापाची' याच्याखाली रेघ मारलीय. साहेबांनी ती पुसायला सांगितली होती, मी भांडून ठेवली.

हनुमंत : माझ्या चौदानं डब्याची फेज गेली का? खरं सांग.

प्रज्ञा : नाही. डबा दोनशे अँपियर सोसायला बांधलाय. तुमच्या मोटारीनं चढावर एकशे सत्तर घेतले. सोळा टर्न असते तर एकशे चाळीस-पन्नास घेतले असते. दोन्ही त्याच्या आवाक्यातच. टेबलावरचा डबा तर साठवर गेला होता.

हनुमंत : म्हंजे दोष त्याचाच.

प्रज्ञा : दोष त्याचाच. आणि हे ऐकायला लॅबमध्ये कुणी थांबणार नाही. चौदा मोजले की सगळे उठतील. मोटार मापाची नव्हती, जास्त करंट खात होती, म्हणून डबा गेला. साहेबांना बोलावंसुद्धा लागणार नाही. भिमाजीकाकांचंच 'करंट जास्ती खाती' ते इंग्रजीत म्हणतील.

हनुमंत : तू का मोजले नाहीस?

प्रज्ञा : काय?

हनुमंत : तुमच्यात मोजल्याबिगर मोटार गाडीला लावत नाय, हे तूच मला सांगितलंय. मंग माझी मोजल्याबिगर कशी लागली?

प्रज्ञा : एक फॉर्म असतो. टर्न प्रत्यक्ष मोजले, हो किंवा नाही. परदेशी मोटारी दोन आल्या होत्या. एक मी मोजण्यासाठी कापली, नवीकोरी. तुमच्या तीन आल्या. त्यातली एक कापायची होती.

हनुमंत : मंग?

प्रज्ञा : टेबलावर घेतली. करवत लावली. तुम्ही बांधलेली दोऱ्याची गाठ दिसली, तुम्ही उलट्या हातानं मारता ती. मला कापवली नाही. म्हटलं, यांच्या हातचं काय मोजायचं, मी पाच वर्षांची असल्यापासून मोजतेय. 'हो' वर खूण केली आणि सही केली.

हनुमंत : परक्याचं मोजलंस आन बापाचं नाय मोजलंस. उलटं करायचं असतं.

प्रज्ञा : आता शिकवताय?

हनुमंत : आता कुणाला काय शिकवणार.

प्रज्ञा : मी दोन्ही लिहिते. टर्न दोन कमी होते, मी मोजले नव्हते, आणि तरीही डबाच खराब आहे. सगळं खरं लिहिते.

हनुमंत : लिहिशील. त्यातलं पहिलं अर्धं ऐकतील. खोटी सही करणारी पोरगी, आन माप चोरणारा बाप. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळंला तू गेटच्या बाहेर असशील.

प्रज्ञा : माप चोरणारा असं कोण म्हणेल?

हनुमंत : ज्यानं असल्यांच्या म्हणलं, तो म्हणंल. ते दोनशे डबे मात्र रिक्षांना लागतील, आन मोटारी जळत ऱ्हातील. तू तितं असलीस तर पुढचं पान तरी कुठं जातंय ते बघशील.

प्रज्ञा : मला असं समजावू नका.

हनुमंत : समजावत नाय. मला राग आलाय तुझा. तीस वर्सं माझी मोटार कुणी परत आणली नाय, आन आणली ती तू. पण त्या फॉर्मावर तुझी सही हाये, ह्या कागदावर माझी पाहिजे. दोन्ही बुडवण्यापरीस एक बुडवू. मोटार उघडली नाय तर मोजायचं कुणी? मी कबूल केलं का ते उघडणारच नायत. भंगारात देतील. तेवढं कळतं मला.

प्रज्ञा : न केलेल्या चुकीवर सही करणार तुम्ही.

हनुमंत : केलेलीवर तर कुणी मागतच नाय. कुठं करायची?

प्रज्ञा : आबा, थांबा ना थोडं.

हनुमंत : डायव्हर थांबलाय. पेन दे. हे काय, हातातच व्हतं तुझ्या.

प्रज्ञा : टर्न लिहून घ्यायला काढलं होतं.

हनुमंत : व्हय. असंल.

प्रज्ञा : खरंच त्यासाठी काढलं होतं.

हनुमंत : मी कुठं काय म्हणतोय? इथंच ना, रेघेवर? हात काळा हाये, डाग पडला कोपऱ्यात. चालंल त्यांना. गावाकडचं वर्कशॉप हाये.

प्रज्ञा : आईला काय सांगायचं? तिनं गावात घरोघर सांगितलंय, पन्नास मोटारींचं काम येणार म्हणून.

हनुमंत : सांगीन काहीतरी. कंपनीनं विचार बदलला. कंपन्या बदलतात. बोर्डाचं मात्र बघावं लागंल. पेंटर म्हणला व्हता, पक्का रंग हाये, दहा वर्सं जायचा नाय.

प्रज्ञा : हा माझा अर्ज फाडून टाकते.

हनुमंत : फाडू नको. हितं ठेव, फळीवर. एका आकड्याशिवाय त्यात खोटं काय नाय.

भिमाजी : कोण मेलंय का हितं? रस्त्यापर्यंत आवाज येत व्हता, आता एकदम सामसूम.

हनुमंत : ये, भिमाजी. झाला बाजार?

भिमाजी : झाला. काय ठरलं मंग? कुणाचं खराब निघालं, लाईन का वाइंडिंग?

हनुमंत : वाइंडिंग.

भिमाजी : फेज गेलेली मी डोळ्यांनी बघितली की.

हनुमंत : तू शेतकरी हायेस. तुला काय कळतंय.

भिमाजी : हे बरंय. वायरमन बी हेच म्हणतो. बरं, माझी घेताय ना भरायला? कॉइल करताना बघूनच जातो, म्हंजे उद्याचा भरवसा.

हनुमंत : घेतो. पण तुझ्या मोटारीच्या कंपनीच्या कागदावर लिहिलंय तेवढेच टर्न भरणार हाये मी. छत्तीस. कमी नाय भरणार.

भिमाजी : काय बोलताय, राव? छत्तीसवर ती उचलंल का? कांदा हाये माझा रानात.

हनुमंत : नाय उचलली तर व्होल्टेजवाल्याला जाऊन इचार. मापाचं काम मापात. आजपासनं असंच.

भिमाजी : प्रज्ञाताई, काय झालंय ह्यांना? तू सांग की. तू शिकलेली हायेस.

प्रज्ञा : काका, तुमच्याकडं व्होल्टेज किती येतं म्हणालात?

भिमाजी : तीनशे. कवा कवा दोनशे ऐंशी.

प्रज्ञा : आबा, चौतीस भरा.

हनुमंत : कागदावर छत्तीस हायेत.

प्रज्ञा : कागदाला विहीर माहीत नाही. चौतीस भरा, आणि मोटारीवरच्या पट्टीवर तसं लिहून द्या. खाली तुमचं नाव घाला.

हनुमंत : नाव घालू?

प्रज्ञा : हो. पुढं कुणी खोलली तर त्याला कळू दे, कुणी कमी केले आणि कशासाठी.

भिमाजी : घाला की. मी तर सांगतोच सगळ्यांना.

हनुमंत : जीप थांबलीय तुझी.

प्रज्ञा : थांबू दे. स्टूल इकडं सरकवा. तुम्ही हँडल धरा.

हनुमंत : मशीनला आकडा दाखवणारं मीटर लावलंय आता. मोजायला माणूस लागत नाय.

प्रज्ञा : लावा तरी. मी मोजते.

हनुमंत : मोज मंग. ह्या वेळंला मोठ्यानं.